क्षयरोग्याचे रक्तष्ठीवन

म्हैसूरच्या राजघराण्यातील राजकन्या कृष्णाजम्मण्णी यांना क्षयाने मृत्यू आला. त्यांच्या नावाचे क्षयरोग रुग्णालय म्हैसूर वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे. पूर्वी विश्रांती, सकस अन्न व मोकळी हवा हाच उपचार असे. खोकताना एकाएकी रक्ताची गुळणी आली, की वैद्यही हतबल होई.

हे रक्त बहुधा श्वासनलिकेच्या रोहिण्यांतून येते. क्वचित मात्र उगम निराळा असतो. दीर्घकाळच्या दाहाने फुप्फुसात विवर पडते आणि त्याच्या कडेने जाणाऱ्या फुप्फुस-रोहिणीची भिंत झिजून फुग्यासारखी फुगते. रासमुसेन या डॅनिश वैद्याने १८६८ मध्ये या विस्फाराचे वर्णन केले. तो फुटला, की रुग्ण बहुधा रक्तक्षयाने नव्हे, श्वासमार्ग रक्ताने भरून गुदमरून दगावतो. म्हणून प्रथम त्याला रोगट बाजू खाली करून कुशीवर निजवावे, म्हणजे निरोगी फुप्फुस वाचते. इतकी साधी गोष्ट धावपळीत विसरली जाते!

नंतर शिरेत रंगद्रव्य टोचून सीटी स्कॅन करतात. जांघेतील रोहिणीतून नळी सरकवून श्वासनलिकेची रोहिणी आतून बुजवतात. तरीही रक्त थांबले नाही, तर फुप्फुस-रोहिणीचा संशय घ्यावा. तेथे पोचण्यास नळी निलेतून, हृदयाच्या उजव्या कप्प्यांतून न्यावी लागते. मग धातूच्या बारीक तारेची वेटोळी सोडून विस्फार बंद करतात. छाती उघडून फुप्फुसाचा भाग काढणे हा अखेरचा मार्ग. क्षयाची औषधे मात्र चालूच ठेवावी लागतात, कारण रोहिणी बुजली तरी जंतू विवरात असतातच.