आहारवर्तन-विकृती : मस्तिष्क-उत्तेजन व बोधात्मक प्रशिक्षण

‘भूकच लागत नाही’ अशी तक्रार सांगत पालक सोळा-सतरा वर्षांच्या मुलीस घेऊन येतात. आपण जिव्हा-नाडी पाहून अग्निमांद्य किंवा अरोचक असे निदान करतो व चित्रकादी वटी लिहून देतो. प्रस्तुत लेखकाकडूनही हे घडले आहे. दोन महिन्यांनी ती मुलगी अधिक कृश होऊन आली. एकांतात विचारल्यावर उलगडा झाला की भूक तिला लागत होती. ती दाबून धरण्यातच तिला विजय वाटत होता. गोळ्यांनी भूक वाढेल म्हणून त्या तिने घेतल्याच नव्हत्या.

ॲनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव या अर्थाने फसवे आहे. येथे बिघाड मुख्यतः अग्नीचा नसून धी व धृती यांचा आहे, आणि चरकोक्त त्रिविध औषधांपैकी सत्त्वावजय प्रधान ठरते. तथापि ग्रंथोक्त अरोचक म्हणजेच हा व्याधी, असे समीकरण मांडण्याचा मोह टाळावा.

या रुग्णांमध्ये विचारांचा ताठरपणा आणि समग्र चित्राऐवजी बारीकसारीक तपशिलात अडकणे ही लक्षणे वारंवार आढळतात. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये केट चांतुरिया व सहकाऱ्यांनी त्यावर बोधात्मक प्रशिक्षणाची पद्धत विकसित केली. आठ-दहा बैठकांत दृष्टिभ्रमाची चित्रे, आकृतीचे शब्दांत वर्णन, नियम बदलत जाणारी कोडी असे साधे अभ्यास दिले जातात. अन्न व वजन यांविषयी चर्चा हेतुतः केली जात नाही. त्यामुळे रुग्ण बचावाच्या पवित्र्यात जात नाही. याने वजन स्वतंत्रपणे वाढते असे मात्र सिद्ध झालेले नाही.

चुंबकीय मस्तिष्क-उत्तेजनात डोक्यावर बाहेरून वेटोळे धरून डाव्या अग्रखंडाच्या विशिष्ट भागास स्पंदने देतात. किंग्ज कॉलेजच्याच, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दीर्घकालीन व्याधीच्या ३४ प्रौढ रुग्णांना खरी किंवा आभासी अशी २० सत्रे देण्यात आली. मनःस्थितीत सुधारणा दिसली, वजनातील फरक अल्प होता. टोरोंटो येथे मेंदूत शस्त्रक्रियेने विद्युदग्रे बसवून १६ रुग्णांवर प्रयोग झाला (२०१७). वर्षभरात सरासरी बीएमआय १३.८ वरून १७.३ झाला. परंतु तुलनेसाठी नियंत्रित गट नव्हता. हे सारे अद्याप संशोधनाच्या कक्षेतील उपाय आहेत. किशोरवयीनांसाठी कुटुंबाधारित मानसोपचार हाच पहिला मार्ग होय.

मग आपले कार्य कोणते? बीएमआय, नाडीगती, रक्तदाब, आर्तवाचा इतिहास यांची नोंद करून मनोविकारतज्ज्ञाकडे वेळीच पाठवणे. अशा रुग्णात लंघन, वमन, विरेचन वर्ज्य. दीर्घ उपोषणानंतर एकदम बृंहणही नको. रक्तातील फॉस्फेट घसरून हृदयाचा ताल बिघडू शकतो व मृत्यूही ओढवतो. आपला पेयादी संसर्जनक्रम येथे आठवतो खरा, पण तो रक्ततपासणीची जागा घेऊ शकत नाही.

औषधविक्रेत्या बंधूंसही एक विनंती. सोनामुखीयुक्त चूर्ण दर आठवड्यास नेणारी कृश तरुणी बद्धकोष्ठाचीच रुग्ण असेल असे गृहीत धरू नये. वारंवार रेचनाने पोटॅशियम घटते, आणि बुलिमियात तर वांतीने ते आधीच घटलेले असते. तिसऱ्या डब्यापूर्वी तिला वैद्याकडे पाठवावे.