कुलूपबंद घर आणि वादळाचा पंचनामा

गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी असलेल्या मार्कंडा येथे महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातूनही कुटुंबेच्या कुटुंबे घराला कुलूप लावून येतात. हे दिवस रब्बीच्या काढणीचे, तसेच अवकाळी पावसाचेही. २०१४ साली महाशिवरात्र २७ फेब्रुवारीस होती. त्याच सुमारास सुरू झालेल्या गारपिटीने मार्चपर्यंत विदर्भ-मराठवाड्यातील पिके झोडपली.

परतलेल्या कुटुंबास फुटलेली कवेलू व भिजलेले धान्य दिसले की पहिला हात केरसुणीकडे जातो. ते स्वाभाविकच होय. परंतु शासकीय मदतीचा आधार पंचनामा असतो, आणि आवरून ठेवलेल्या घराचा पंचनामा करणार कसा? वीजतार तुटली असल्यास तिच्यापासून दूर राहून प्रथम वीज कर्मचाऱ्यास कळवावे. त्यानंतर छायाचित्रे घ्यावीत, ग्राम महसूल अधिकाऱ्यास (पूर्वीचे तलाठी) वर्दी द्यावी, आणि मगच आवराआवर करावी.

घर बंद होते म्हणून त्याचे नाव यादीतून सुटणे योग्य नव्हे. ही जबाबदारी गावात राहिलेल्या पंचायत सदस्यांची आहे. कोणते घर यात्रेस गेले, हे शिक्षकांस हजेरीपटावरून कळतेच.

मार्कंडेश्वराचे मंदिरही निसर्गाच्या तडाख्यातून सुटलेले नाही. जुन्या नोंदींनुसार वीज पडून शिखराचा वरचा भाग मंडपावर कोसळला. पुढे गोंड राजाने जाड खांब व कमानी घालून छत सावरले. मूळच्या नाजूक शिल्पांशेजारी ते ओबडधोबड दिसतात. काम मात्र टेकू देण्याचे होते, आणि ते त्यांनी केले.