दुधाचा डबा

परदेशी प्रवाशांस फसविण्याच्या ज्या युक्त्या मोठमोठ्या शहरांच्या रस्त्यांवर चालतात, त्यांपैकीं बहुतेक लोभावर उभारलेल्या असतात. लंडनमध्यें वेस्टमिन्स्टर पुलावर तीन पेल्यांचा खेळ मांडतात. एका पेल्याखालीं लहानशी गोळी. ती कोठें आहे हें ओळखलें तर लावलेल्या पैशांचे दुप्पट पैसे. गर्दींतील एकदोघे भराभर जिंकतात, आणि तें पाहून प्रवासी पुढें सरसावतो. ते जिंकणारे खेळ मांडणाऱ्याचेच साथीदार असतात, व पैज लागण्याच्या सुमारास गोळी पेल्याखालून मुठींत गेलेली असते. येथें फसणाऱ्याची कींव करावी, पण फार नव्हे. त्याला फुकटचा पैसा हवा होता.

आपल्या मुंबईंतील एक युक्ती मात्र निराळ्या जातीची आहे. 1924 सालीं खुली झालेली गेटवे ऑफ इंडियाची कमान आणि कुलाब्याचा बाजार यांच्या आसपास, कडेवर मूल घेतलेली एखादी स्त्री परदेशी प्रवाशाला गांठते. मोडक्या इंग्रजींत ती म्हणते, "पैसे नकोत, बाळाला दूध नाहीं, तेवढा भुकटीचा डबा घेऊन द्या." दुकानही तीच दाखविते. डब्याची किंमत बरीच असते, पण दूध बाळाच्याच पोटांत जाणार म्हणून प्रवासी ती आनंदानें देतो. तो दिसेनासा झाला कीं डबा, झांकण न उघडतां, पुन्हा दुकानाच्या फळीवर जाऊन बसतो आणि पैशांची वांटणी होते. एकच डबा दिवसांतून कितीदां विकला जात असेल, तें तो दुकानदारच जाणे.

हिची खुबी पाहा. ‘भिकाऱ्याला पैसा देऊं नये, अन्न द्यावें’ हा सावध माणसाचा नियम. मीही तो वर्गांत अनेकदां सांगितला आहे. ही युक्ती नेमकी त्याच नियमावर बसविलेली आहे. म्हणजे बेसावध मनुष्य दोन नाणीं देऊन सुटतो आणि शहाणा डब्याची पूर्ण किंमत भरतो! शंका त्यानेंही घेतली, पण ती मागणाऱ्या स्त्रीविषयीं. दुकान कोणीं निवडलें, हा प्रश्न त्याला सुचला नाहीं. शिवाय मूल खरें असतें, आणि त्याची भूकही बहुधा खरीच असते.

आमच्याकडे आलेल्या एका वृद्ध परदेशी बाईंना मीं हें सर्व आधींच सांगून ठेवलें होतें. तरी अशी एक स्त्री भेटतांच त्या तिच्या मागोमाग दुकानांत गेल्या. लौकर निघावें, असें मीं सुचविलें. त्यांनीं डबा हातांत घेतला आणि पैसे देण्यापूर्वीं, "हा येथेंच फोडून द्या," असें सांगितलें. फोडला तर दूध खराब होईल, असें दुकानदार म्हणाला. ती स्त्रीही तेंच म्हणाली. बाईंनीं डबा परत ठेवला. प्रकरण संपलें असें मला वाटलें. परंतु त्या कोपऱ्यावरच्या गाडीकडे गेल्या, अर्धा डझन केळीं घेतलीं आणि एक सोलून मुलाच्या हातांत दिलें. त्यानें तें कडेवरच पाहतां पाहतां संपविलें, व दुसऱ्यासाठीं हात पुढें केला. लौकर निघण्याविषयीं पुन्हा सुचविण्याचें मला धैर्य झालें नाहीं.