गॅस्ट्रिक बायपासनंतर तिसऱ्या आठवड्यात वजन का थांबते?

गॅस्ट्रिक बायपासनंतर पहिल्या दोन आठवड्यांत झपाट्याने उतरणाऱ्या वजनात चरबीपेक्षा पाण्याचा वाटा मोठा असतो. आहार एकदम घटला की शरीर यकृतात आणि स्नायूंत साठवलेले ग्लायकोजेन वापरते. एक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. साठा संपताना तेही बाहेर पडते. पुढे शरीर यातला काही साठा आणि पाणी पुन्हा भरून घेते. चरबी जळतच असते, पण काटा हलत नाही. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात दिसणारा हा थांबा इतका सर्रास आढळतो, की त्याला शस्त्रक्रियेचे अपयश मानणे रुग्णावर अन्याय करणारे आहे. तो बहुधा एक-दोन आठवड्यांत आपोआप सुटतो.

या काळात जेवण आणखी तोडणे ही सर्वांत घातक चूक. प्रथिने कमी पडली तर स्नायू झिजतात. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने आणि दीड लिटर पाणी घोट-घोट घेणे, सांगितलेली जीवनसत्त्वे न चुकवणे आणि चालणे एवढे पुरते. वजन आठवड्यातून एकदाच करावे. कमरेचे माप अधिक खरे बोलते.

बहुतेकांचे मूळ वजन १२ ते १८ महिन्यांत साधारण २५ ते ३५ टक्क्यांनी घटते, तेही पायरीपायरीने. मात्र सतत उलट्या, ताप, पोटदुखी, छातीत धडधड किंवा पाणीही न उतरणे यांचा या थांब्याशी संबंध नाही. अशा वेळी त्याच दिवशी सर्जनला गाठावे.