नर्सिंगचे शिक्षण आणि कर्जाचा हप्ता : आधी हिशेब, मग प्रवेश

बारावीचा निकाल लागला की पाटोदा तालुक्यातील अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते : मुलीला नर्सिंगला घालावे काय? विचार चांगलाच आहे. या कामाला मान आहे आणि परिचारिकांची गरज कधी संपणारी नाही. पण शिक्षण कर्ज काढून करायचे असेल तर प्रवेशाआधी कागद-पेन्सिल घेऊन बसायला हवे. मी स्वतः परिचारिका होते, पुढे पाठ्यनिर्देशिका म्हणून मुलींना शिकवले. हप्ता भरण्यासाठी लागोपाठ दोन पाळ्या करणाऱ्या, झोप आणि जेवण दोन्हींची आबाळ करून घेणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. म्हणून हा विषय आरोग्याच्या सदरात घेत आहे.

तीन वाटा

एएनएम हा 2 वर्षांचा, जीएनएम 3 वर्षांचा आणि बीएस्सी नर्सिंग 4 वर्षांचा अभ्यासक्रम आहे. बीएस्सीला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी लागते. जीएनएमला इतर शाखांच्या विद्यार्थिनीही पात्र ठरतात. बऱ्याच पालकांना एक गोष्ट ठाऊक नसते. शासकीय रुग्णालयातील अधिपरिचारिकेच्या पदासाठी जीएनएम व बीएस्सी दोन्ही चालतात आणि वेतनश्रेणी एकच असते. बीएस्सीचा लाभ पुढे होतो : एमएस्सी, अध्यापन किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचे पद. जीएनएम झालेल्या मुलीलाही नोंदणीनंतर 2 वर्षांचे पोस्ट बेसिक बीएस्सी करता येते. म्हणजे दार बंद होत नाही, थोडा वळसा पडतो इतकेच.

पगार कोणता धरावा?

प्रवेशाच्या वेळी सगळे शासकीय पगाराचा आकडा सांगतात. सातव्या वेतन आयोगानुसार राज्यात अधिपरिचारिकेचे मूळ वेतन 35,400 रुपयांपासून सुरू होते, भत्ते वेगळे. पण ही नोकरी स्पर्धा परीक्षेतून मिळते आणि भरती दरवर्षी निघेलच असे नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जाहिरातींत कंत्राटी अधिपरिचारिकेचे मानधन 20,000 रुपये असे आढळते. समुदाय आरोग्य अधिकाऱ्यास 25,000 रुपये आणि कामावर आधारित 15,000 पर्यंत मोबदला आहे.

खासगी रुग्णालयांचे काय? सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली की 200 पेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयाने शासकीय परिचारिकेइतका पगार द्यावा आणि 50 पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयानेही 20,000 पेक्षा कमी देऊ नये. शिफारस चांगली, अंमलबजावणी मात्र सर्वत्र झालेली नाही. लहान रुग्णालयांत याहून कमी पगार मिळतो. तेव्हा हिशेबात 35,400 नव्हे, जास्तीत जास्त 20,000 धरावेत.

कर्ज वाढते कसे?

समजा, बीएस्सीसाठी दरवर्षी 1 लाख याप्रमाणे 4 लाख रुपये 10 टक्के दराने घेतले. शिक्षण संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता नसतो, पण व्याज चालूच असते. सरळ व्याजानेही पाच वर्षांत 1 लाख 40 हजार रुपये चढतात. कर्ज झाले 5 लाख 40 हजार. ते 10 वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे 7,100 रुपये. मुदत 15 वर्षे केली तर हप्ता 5,800 वर येतो, पण एकूण भरणा साडेआठ लाखांवरून जवळपास साडेदहा लाखांवर जातो. व्याज त्या त्या वर्षी भरत गेल्यास हाच 10 वर्षांचा हप्ता सुमारे 5,300 रुपयांत बसतो.

गेल्या वर्षी आपल्याच तालुक्यातील एका वाडीवरचे ऊसतोड जोडपे मुलीला घेऊन माझ्याकडे आले. शहरातील एका खासगी महाविद्यालयात जागा मिळत होती. वडील म्हणाले, "ताई, मुकादमाची उचल फिटते, तसं हेबी फिटंल." मी म्हटले, "भाऊ, उचल फेडायला तुम्ही दोघं कोयता धरता. हा हप्ता एकट्या पोरीनं दहा वर्षं फेडायचाय. शहरात खोली, खानावळ, येणं-जाणं वजा जाता वीस हजारांतून सात हजार निघतील का?" मुलगी हुशार, तिनेच वजाबाकी केली आणि गप्प झाली. त्यांनी खासगी जागेचे पैसे भरण्याआधी शासकीय जागांच्या फेऱ्यांची वाट पाहिली. तिला जीएनएमची शासकीय जागा मिळाली. राहण्याखाण्यासह एकूण दीड लाखाचे कर्ज लागेल. व्याज साचू दिले तरी हप्ता अडीच हजारांच्या आसपास राहील.

माझे सूत्र साधे आहे. हप्ता पहिल्या पगाराच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावा. वीस हजारांवर 5,000 रुपये. वरच्या दराने पाहिल्यास, व्याज साचू देणार असाल तर मूळ कर्ज पावणेतीन लाखांच्या आत हवे. व्याज भरत जाणार असाल तर पावणेचार लाख चालतील.

प्रवेशाआधी एवढे विचारा

1. महाविद्यालयाला भारतीय व महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता या वर्षासाठी आहे काय? ती नसेल तर नोंदणी अडते आणि कर्जही.

2. फी सवलत लागू आहे काय? 2024-25 पासून 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना, केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक प्रवेश घेतल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण प्रतिपूर्ती आहे. अनुसूचित जाती-जमाती व भटक्या विमुक्तांसाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत. व्यवस्थापन कोट्याला सवलत नाही. आपल्या अभ्यासक्रमाला व त्या संस्थेला ती लागू आहे असे लेखी घ्या.

3. बँकेत व्याज अनुदानाचा अर्ज भरला काय? 2009 पासूनच्या केंद्रीय योजनेत साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या व्यावसायिक शिक्षणकर्जावरील सवलतकाळातील व्याज शासन भरते. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून वेळेत काढा.

4. जमीन तारण मागतात काय? साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राच्या पतहमी निधीचे संरक्षण आहे, त्यात तारण घ्यायचे नसते. आईवडील सहकर्जदार असतात.

5. नोकरीच्या बंधपत्रापोटी मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतात काय? तशी अट असेल तर सही करू नका.

पालकांनो, मुलीला जरूर शिकवा. कर्जाला भिऊन तिला घरी बसवू नका, पण अंथरूण पाहूनच पाय पसरा. रुग्णाची सेवा करणारी मुलगी स्वतः पोटभर जेवलेली आणि नीट झोपलेली असावी, एवढी काळजी घरच्यांनी आधीच घ्यायला हवी.