येरळेचे पाणी कृष्णेपर्यंत

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलनिर्देशक नकाशांत पाणी निळ्या रंगाने दाखवितात, तर वर्षातील बहुतेक काळ कोरडी असणारी पात्रे काळ्या रेषांनी. सातारा जिल्ह्यातील खटाव आणि सांगली जिल्ह्यातील कडेगाव, खानापूर हे तालुके अशा नकाशावर पाहिले, तर काळ्या रेषांचे जाळेच नजरेस पडते. त्यांतील पुष्कळसे ओढे येरळा नदीला मिळतात आणि येरळा सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे कृष्णेला मिळते. आम्ही भूगोलाचे नव्हे, इतिहासाचे अध्यापक. तरीही या काळ्या रेषांत इतिहासही आहे, म्हणून हा विषय निवडला.

कृष्णा महाबळेश्वरात उगम पावते. तेथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेला, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असलेल्या खटावच्या वाट्याला त्याच्या दशांशाच्या आसपासच पाऊस येतो आणि तोही मोजक्या सरींत, बराचसा परतीच्या पावसात. जमीन काळ्या पाषाणाची; वर मातीचा पातळ थर, खाली मुरूम. जोराची सर आली की उतारावरचे पाणी घटकाभरात ओढ्यात उतरते. पण ओढ्यात आलेले पाणी लगेच नदीला पोहोचते असे नाही. तापलेली वाळू व मुरूम आधी आपली तहान भागवितात. पाण्याचे तोंड पुढे सरकत जाते, क्षीण होते आणि एखाद्या वळणावर जिरून जाते. दुसऱ्या पावसात ते आणखी पुढे जाते. पात्राचे पोट भरल्यावरच ओढा येरळेला आणि येरळा कृष्णेला खऱ्या अर्थाने जोडली जाते. कमी पावसाच्या वर्षी ही जोडणी काही दिवसांचीच ठरते.

वरचा प्रवाह आटला तरी संबंध मात्र तुटत नाही. वाळूच्या पोटातून पाणी सावकाश उताराकडे चालत राहते. पात्रात झिरा खणला की हातभर खाली पाणी लागते ते यामुळेच, आणि काठच्या विहिरी उन्हाळ्यात तग धरतात त्याही याच पाण्यावर. पुढे तेही खाली गेले की नदी म्हणजे नुसती डबक्यांची माळ उरते.

या डबक्यांचा उल्लेख बाबासाहेबांच्या आत्मकथनात येतो. १९०१ च्या सुमारास त्यांचे वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे रोखपाल होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून तेथे तलावाचे बांधकाम चालले होते. वडिलांना भेटण्यासाठी भीमराव, त्यांचे बंधू व भाचे रेल्वेने मसूरला उतरले आणि तेथून बैलगाडीने निघाले. वाटेत नदी लागली. शिदोरी होती, पाणी हवे होते. पात्रातल्या डबक्याशी गेले तर त्यात चिखल आणि गुराढोरांचे मलमूत्र. पुढे टोलनाक्यावरही पाणी मिळाले नाही. ती नदी कोणती, हे त्यांनी लिहिलेले नाही. पावसाने निर्माण केलेली टंचाई सर्वांना सारखी असते. पण नदी आटल्यावर स्वच्छ पाणी उरते ते विहिरींत, आणि विहिरीवर कोणी जायचे हे पाऊस ठरवीत नव्हता. ज्या तालुक्यात मजुरांच्या हातून तलाव खणला जात होता, त्याच तालुक्याच्या वाटेवर तेथील रोखपालाची मुले रात्रभर तहानलेली राहिली.

म्हणूनच १९८० च्या दशकातील एका प्रयत्नाचे आम्हांस विशेष महत्त्व वाटते. येरळेच्या पात्रातील वाळू उपसली जाऊ लागली, तशी नदीची साठवणच नाहीशी होऊ लागली. बलवडी आणि तांदुळवाडीच्या शेतकऱ्यांनी ‘मुक्ती संघर्ष’ चळवळीच्या बळावर या उपशाला विरोध केला. मर्यादित वाळू विकून आलेला पैसा, लोकवर्गणी आणि श्रमदान यांतून त्यांनी बळीराजा स्मृती धरण उभारले. धरण लहान आहे. पण पाण्याचा हिस्सा जमिनीच्या प्रमाणात नव्हे, कुटुंबागणिक. भूमिहीनालाही हक्काचा वाटा, हे तत्त्व तेथे मांडले गेले. शेकडो मोठ्या धरणांच्या अहवालांत हे वाक्य शोधून सापडणे कठीण.

संगमाजवळची स्थिती अगदी उलट. कृष्णेला महापूर आला की तिचे पाणी येरळेच्या पात्रात मागे चढते. मोठी नदी लहान नदीला वाट देत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रह्मनाळला पुरातून सुटका करणारी नाव उलटून अनेकांचे प्राण गेले. त्याच जिल्ह्यातील जत तालुका त्या वेळी टँकरच्या पाण्यावर होता.

आता टेंभू उपसा सिंचन योजनेने कृष्णेचे पाणी कराडजवळून उचलून कडेगाव, खानापूर, आटपाडीकडे चढविले जाते. शेतात मुरलेल्या त्या पाण्याचा काही अंश ओढ्यांना पाझरतो, ओढ्यांतून येरळेत येतो, आणि येरळेबरोबर ब्रह्मनाळला पुन्हा कृष्णेत उतरतो.