बरं असतानाचा दवाखाना

चि. सौमित्र,

लहान मुलांच्या ओपीडीचं वय सरलं आणि आता सिस्टिक फायब्रोसिससाठी (सीएफ) दाखवायचं कुठे, हा घोळ तुमच्याकडे सुरू झाला आहे. जो तो एकेका मोठ्या डॉक्टरचं नाव सुचवतो. माझ्या मते नावाला फार भुलू नये. तू धडधाकट असतानाही जी जागा तुला दर तीन महिन्यांनी बोलावते, वजन, पीएफटी (फुप्फुसांच्या कार्याची चाचणी) आणि बेडक्याचं कल्चर करते आणि मागचा कागद काढून नव्या आकड्याशी ताडून पाहते, ती चांगली. या आजारात फुप्फुस चोरपावलांनी बिघडतं. खोकला वाढल्याचं घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत एफईव्ही-वन (पहिल्या सेकंदात जोराने फुंकलेल्या हवेचा आकडा) खाली गेलेला असतो आणि गेलेलं सगळं परत येतंच असं नाही. २००३ साली ‘चेस्ट’ या नियतकालिकात उत्तर अमेरिकेतल्या सीएफ केंद्रांची तुलना छापून आली. ज्या केंद्रांतल्या रुग्णांची फुप्फुसं सर्वांत चांगली होती, तिथे भेटी, पीएफटी आणि कल्चर इतरांपेक्षा अधिक वेळा होत होती. तिथले रुग्ण मुळातच सौम्य असतील, अशी शंका कुणी काढेल. पण तसं असतं तर त्यांना औषधं कमी लागली असती. प्रत्यक्षात शिरेतून अँटिबायोटिक देण्याचं प्रमाण त्याच केंद्रांत जास्त होतं. वारंवार मोजत असल्यामुळे बिघाड त्यांच्या हाती लवकर लागत होता, असाच याचा अर्थ मला दिसतो.

आता म्हणशील, मोठसारख्या गावात राहून हे जमायचं कसं? झाशी पन्नासेक किलोमीटरवर आहे, तिथे महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेज आहे, मग लखनौ-दिल्लीच्या खेपा कशाला? झाशी सोडू नकोसच. फक्त एक ध्यानात घे: आपल्याकडे खोकला आणि वजन घटणं म्हटलं की आधी टीबी आठवतो, आणि क्षयाचं प्रमाण पाहता ते गैर नाही. पण सीएफच्या रुग्णाला थुंकीत जंतू न सापडताही टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या की खरा जंतू मोकळा राहतो. म्हणून दोन पायऱ्या धर. दिल्लीचं एम्स आणि लखनौचं एसजीपीजीआय या दोन्ही संस्था २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणातली सेंटर ऑफ एक्सलन्स आहेत आणि त्या धोरणाच्या यादीत हा आजार आहे. यांपैकी एका ठिकाणी तुझी फाइल असू दे, आणि झाशीत छातीचा एक डॉक्टर असा गाठ की जो त्या केंद्राच्या पत्रावरून अडीनडीला औषध सुरू करील. दोन डॉक्टर म्हणजे दोन मतं, ही भीती खरी आहे. म्हणून मतभेद झाला तर शेवटचा शब्द कुणाचा, हे पहिल्याच पत्रात लिहून घे. शिवाय आपल्या देशात सीएफचं काम मुख्यतः बालरोग विभागांतून वाढलं आहे, तेव्हा प्रौढांना कोण पाहतं हे आधी फोन करून विचार.

जागेची पारख करायची तर बारीक गोष्टींवरून कर. बेडका साध्या कल्चरला लावला की बर्खोल्डेरिया हा चिवट जंतू निसटू शकतो, त्याला वेगळं माध्यम लागतं. प्रयोगशाळा ते वापरते का? सीएफचे दोन रुग्ण एकाच बाकावर बसवतात का? बसवत असतील तर तिथून उठ, कारण हे जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जातात. फिजिओथेरपिस्ट नुसता कागद हातात देतो, की तुला समोर बसवून नेब्युलायझर घ्यायला लावतो आणि कुठला श्वास उथळ पडला ते दाखवतो? वर्षातून एकदा ग्लुकोज पाजून साखर तपासतात का? या आजारात स्वादुपिंडही दगा देतं. आणि बुंदेलखंडातल्या मे महिन्यात मिठाचं कुणी विचारलंच नाही, तर ती जागा मी बाद धरीन: तुझ्या घामातून मीठ भसाभस जातं, आणि तिथल्या उन्हात रक्तातलं सोडियम घसरायला फार दिवस लागत नाहीत.

राहिला नव्या गोळ्यांचा मुद्दा. २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या तीन औषधांच्या एकत्रित गोळीने तिकडचं चित्र पालटलं, हे खरं. मग तपासण्यांची यातायात कशाला, असं तुझे मित्र म्हणतील. पण मान्यतेच्या वेळी तिची तिथली किंमत वर्षाला तीन लाख डॉलरच्या घरात होती. ती मुख्यतः एफ५०८डेल या जनुकीय दोषावर बेतलेली, आणि तो दोष भारतीय रुग्णांत युरोपइतका सर्रास आढळत नाही. गोळ्या मिळाल्या तरी यकृताच्या तपासण्या आणि पीएफटी सुटत नाहीत. तेव्हा आज करायचं ते एवढंच, की जनुकीय तपासणीचा रिपोर्ट फाइलमध्ये आहे का ते बघ; नसेल तर पहिल्याच भेटीत मागणी कर.

त्या भेटीला मूळ कागद देऊन बसू नकोस, झेरॉक्स दे. घामातल्या क्लोराइडचा पहिला रिपोर्ट, जुने कल्चर आणि सगळे पीएफटी तारखेच्या क्रमाने लाव. जेवणाबरोबर घेतोस त्या एन्झाइमच्या कॅप्सूलची बाटलीही बरोबर ठेव. ताकद विचारली तर सरळ लेबल दाखवता येईल.

तुझी,
आत्या